ओ मास्तर, पिच्चरचं वाजवा!

माझा रूममेट मूळचा धावड्याचा. तालुका भोकरदन, जिल्हा जालना. परवा रविवारी सकाळी मी ‘इंडस क्रीड’ लावलं होतं. दोन गाणी निमूट ऐकून पठ्ठ्या म्हणतो, ‘‘गोरे भारी वाजवतात राव!’’ म्हटलं, ‘‘गोरे कसले? गिटारवर महेश तिनईकर, गातोय उदय बेनेगल. मुंबईचा बँड आहे!’’ त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

तर मंडळी, ज्यांना ही स्टोरी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं फ्लॅशबॅकमध्ये जाऊ. मुंबईत १९८४मध्ये ‘रॉक मशीन’ नावाचा बँड सुरू झाला. तेव्हा आपल्याकडे रॉक बँड म्हणजे परदेशी बँडची गाणी जशीच्या तशी वाजवणारी पोरं. कॉलेज फेस्टिव्हलला पब्लिक यायचं ते त्यासाठीच. मध्येच कुणी ‘आता आमचं स्वतःचं गाणं’ म्हणालं, की लोक चहा प्यायला उठणार!

रॉक मशीनची सुरुवातही तशीच झाली. पण मग त्यांनी स्वतःची गाणी लिहायला घेतली. १९८८मध्ये ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हा अल्बम आला, १९९०मध्ये ‘द सेकंड कमिंग’. भारतातल्या बँडने स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचा अल्बम काढणं ही तेव्हा रोजची गोष्ट नव्हती. १९९१मध्ये स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आपल्या घरात आला आणि परदेशी व्हिडिओंच्या रांगेत ‘टॉप ऑफ द रॉक’ आणि ‘प्रिटी चाइल्ड’ही दिसू लागले. १९९३मध्ये बँडने नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं. १९९५मध्ये त्याच नावाचा अल्बम आला.

मग माशी कुठे शिंकली? वाजवण्यात तर नक्कीच नाही. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात म्युझिक चॅनल्सनी आपल्या पब्लिकची नाडी ओळखली आणि हिंदीकडे मोर्चा वळवला. इंडिपॉप आणि फिल्मी गाण्यांनी स्क्रीन भरून गेला. इंग्रजीत गाणाऱ्या देशी बँडसाठी जागा आक्रसत गेली. अशातच १९९७मध्ये बँड थांबला. बेनेगल आणि गिटारिस्ट जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ हा नवा बँड काढला.

मला खरी भावते ती पुढची गोष्ट. २०१०मध्ये इंडस क्रीड पुन्हा उभा राहिला. तिनईकर, बेनेगल आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया हे जुने, बास आणि ड्रम्सवर नवे भिडू. जुनी हिट गाणी वाजवली असती तरी लोक आठवणी काढत आले असते. पण यांनी २०१२मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ नावाचा कोरा करकरीत अल्बम काढला. आधीच्या अल्बमनंतर तब्बल १७ वर्षांनी!

हे सगळं ऐकून रूममेट जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘आमच्या गावाकडं लग्नात एक बँडमास्तर यायचे. क्लॅरिनेट वाजवायचे. स्वतःच्या धून बसवायचे, लय भारी. पण वरातीत ती सुरू केली, की नाचणारी पोरं ओरडायची, ‘ओ मास्तर, पिच्चरचं वाजवा!’ ’’

‘‘मग?’’

‘‘मग काय, पिच्चरचं वाजवायचे. सुपारी घेतलेली असायची ना. स्वतःचं घरी वाजवायचे, रात्री.’’

आता यात मास्तरांना नावं ठेवायची माझी तरी टाप नाही. आपण तरी ऑफिसात वेगळं काय करतो? क्लायंटला ओळखीचं हवं असतं, आपण ते वाजवतो, एक तारखेला पगार जमा होतो. स्वतःचं म्हणून काही असेल तर ते ‘नंतर बघू’च्या फोल्डरमध्ये. हरकत नाही. फक्त ते फोल्डर डिलीट होऊ देऊ नका. कधीकधी १७ वर्षांनीही उघडतं.

रात्री झोपताना रूममेटला विचारलं, मास्तरांची एखादी धून आठवते का? त्याने अंधारातच गुणगुणून दाखवली. छोटीशीच होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या बसमध्ये मी तीच गुणगुणत होतो. शेजारच्या सीटवरच्या कलीगने विचारलं, ‘‘कुठल्या पिक्चरमधलं रे?’’

म्हटलं, ‘‘कुठल्याच नाही.’’