एकाच्या बदल्यात दहा?

नोव्हेंबर 2025 मध्ये नाशिक महापालिकेने सिंहस्थ कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातील सुमारे 1800 झाडांबाबत नोटीस काढली आणि शहर खवळले. त्यावर उत्तर आले: एकाच्या बदल्यात दहा लावू, आंध्रातल्या राजमुंद्रीहून 15 हजार झाडे आणू. हिशेब उदार वाटतो. तो तपासायला हवा.

पहिली गोष्ट, झाडे नगावर मोजायची नसतात, हे राज्याच्या कायद्यालाही मान्य आहे. 2021 च्या दुरुस्तीनुसार तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी रोपे लावायची आणि 7 वर्षे जगवायची. म्हणजे 40 वर्षांच्या झाडापुढे 'दहा' ही सवलत झाली, औदार्य नव्हे.

दुसरा युक्तिवाद असा की, यातली बरीच झाडे 2015 च्या सिंहस्थानंतरचीच आहेत. खरे धरू. मग दर सिंहस्थानंतर लावायची आणि पुढच्या सिंहस्थाआधी तोडायची, असेच चालले तर तपोवनात तेरावे वर्ष पाहणारे झाड उरेल का?

आणि राजमुंद्री? तीही गोदाकाठचीच, पण मुखाजवळच्या गाळाच्या जमिनीवर. तिथल्या रोपवाटिकेत पोसलेले झाड नाशिकच्या मुरमाड जमिनीत रुजेल, हे गृहीत कसे धरायचे? साधूंची सोय व्हायलाच हवी. पण राहुट्या, नळ, शौचालये झाडे टाळून मांडता येतात. झाडे काही राहुट्या टाळून उभी राहू शकत नाहीत.

'वृक्षारोपण म्हणजे निव्वळ फोटोचा सोहळा' हे दुसरे टोकही तितकेच चुकीचे. सातपूरचा फाशीचा डोंगर पाहा. 5 जून 2015 रोजी 'आपलं पर्यावरण' संस्थेच्या हाकेला ओ देऊन नाशिककरांनी तिथे वनखात्याच्या जमिनीवर स्थानिक जातींची सुमारे 11 हजार रोपे लावली. फोटो त्या दिवशीही निघाले असतील. त्या रोपांची देवराई उभी राहिली ती नंतरच्या उन्हाळ्यांत घातलेल्या पाण्याने आणि वणव्यापासून केलेल्या राखणीने. शिवाय ती उभी राहण्यासाठी दुसरीकडचे एकही झाड पाडावे लागले नाही.

म्हणून लागवड हवीच, पण ती उघड्याबोडक्या डोंगरांवर, स्थानिक झाडांची, माणसांच्या सहभागाने. तोडीचा परवाना म्हणून नको. दहा झाडे जगवण्याची खात्री खरोखर असेल तर क्रम उलटा करा: आधी दहा लावा, 7 वर्षे जगवून दाखवा आणि मगच एक तोडण्याची परवानगी मागायला या.