अंधारापुढे सारे समान नाहीत

मृगापूर्वीची वादळे वर्धा जिल्ह्याला नवी नाहीत. पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात असताना सायंकाळी वावटळ उठते, कडुनिंबाची फांदी तारेवर कोसळते आणि गाव रात्रभर अंधारात बसते. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर येथे राज्याची वीज निर्माण व्हावी आणि २००५ नंतरच्या भारनियमनात शेजारच्याच खेड्यांनी कंदील पेटवावेत, हा न्याय विदर्भ विसरलेला नाही. ते भारनियमन आज नित्याचे राहिलेले नाही; परंतु मोडक्या तारांचा आणि जळक्या रोहित्रांचा अंधार कायम आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज काही तास गेली, लोकल थांबल्या आणि तत्काळ चौकशीचे आदेश निघाले. आर्वी वा समुद्रपूर तालुक्यातील खेड्याची रात्र मात्र बातमीच्याही योग्यतेची ठरत नाही.

ज्याच्या घरी इन्व्हर्टर आहे, त्याला वीज गेल्याचे शेजारच्या गलबल्यावरून कळते. टिनाच्या छपराखाली राहणाऱ्या मजुराला ते तापलेल्या अंगावरून कळते. वीज गेल्यानंतरच्या सुरक्षिततेचा विचार करताना ही विषमता प्रथम ध्यानी घ्यावी लागेल.

आपल्या जिल्ह्यातील एक धोका शहरी सूचनापत्रकांत सापडत नाही. भाव वाढेल या आशेने शेतकरी वेचलेला कापूस राहत्या घरातच साठवतो. वीज गेली की त्याच घरात मेणबत्ती पेटते. भाव पाडणारा बाजार आणि वीज न टिकवणारी व्यवस्था यांची गाठ अशी एका खोलीत पडते आणि वर्षाची कमाई एका ठिणगीच्या अंतरावर येऊन उभी राहते. म्हणून कापसाच्या खोलीत ज्योत नेऊच नये. बॅटरीचा दिवा चार्ज करून ठरलेल्या जागी ठेवावा. मेणबत्ती लावावीच लागली तर ती पाण्याच्या ताटलीत उभी करावी आणि झोपण्यापूर्वी विझवावी.

वीज नसतानाही वीज जीव घेते, हे विसरून चालणार नाही. पुरवठा बंद आहे असे समजून कूलरमध्ये पाणी भरताना तो अचानक परत येतो. म्हणून आधी प्लग काढावा. तुटलेल्या तारेजवळ जाऊ नये, मुलांना व जनावरांना दूर ठेवावे आणि १९१२ या क्रमांकावर कळवावे. डीपीवरचा फ्यूज स्वतः टाकण्याच्या धाडसाला शौर्य म्हणणे आपण सोडले पाहिजे. जनरेटर बंद खोलीत वा ओसरीत चालवला तर त्याचा विषारी वायू झोपेतच प्राण घेतो. तो चेंजओव्हर स्विचविना घराच्या वायरिंगला जोडला तर वीज उलट बाहेरच्या तारेत शिरते आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा बळी जातो. हा वायरमन अनेकदा कंत्राटी कामगार असतो. आपल्या घरातील उजेडासाठी एका कामगाराचा जीव टांगणीला लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पंपावर चालणारी नळयोजना विजेबरोबरच थांबते, यास्तव दोन दिवसांचे पिण्याचे पाणी भरून ठेवावे. फ्रीज न उघडल्यास सुमारे चार तास थंड राहतो. त्यानंतर इन्सुलिनची कुपी कोरड्या डब्यात घालून ओल्या मातीच्या माठात ठेवता येते. उकाड्यात अंगणात झोपताना मच्छरदाणी लावावी, बाहेर पडताना विजेरी घ्यावी. साप चावल्यास मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णालय गाठावे. उष्म्याने कोणी असंबद्ध बोलू लागले वा शुद्ध हरपली, तर अंग ओले करून वारा घालावा आणि विनाविलंब सेवाग्राम वा जवळच्या रुग्णालयात न्यावे.

ही खबरदारी प्रत्येकाने घ्यावी. पण ती प्रत्येकावर सोपवून मोकळे होणे हा कार्यकर्त्याचा धर्म नव्हे. एकटी म्हातारी, अंथरुणाला खिळलेला रुग्ण, ऑक्सिजन यंत्रावर असलेला माणूस, नुकतीच बाळंत झालेली स्त्री यांच्या घरांची यादी प्रत्येक शाखेने पावसाळ्यापूर्वी तयार करावी आणि वीज गेलेल्या रात्री कोणी कोणत्या दारी जायचे हे आधीच ठरवावे. शाळेत वा ग्रामपंचायतीत सौरदिवा आणि फोन चार्ज करण्याची सोय असावी, असा ठराव ग्रामसभेत आणावा. तारांवरच्या फांद्या मे महिन्यातच छाटल्या जाव्यात यासाठी कार्यालयावर धडक द्यावी. २००३ च्या विद्युत कायद्याच्या ५७ व्या कलमानुसार सेवेचे ठरलेले मानक न पाळणाऱ्या वीज कंपनीवर भरपाईचे दायित्व येते. म्हणून प्रत्येक तक्रारीचा क्रमांक व वेळ वहीत नोंदवावी. नोंदीवाचून हक्क सिद्ध होत नाही.

ज्यांना परवडते त्यांनी आपापला उजेड विकत घेतला, तर सार्वजनिक वीज सुधारावी असे म्हणणारा आवाज गावात उरणार नाही. इन्व्हर्टर घेणाऱ्याला आमचा दोष नाही. त्याने शेजाऱ्याचे दार ठोठवावे आणि तक्रारीच्या अर्जावर त्याच्याबरोबर सही करावी, एवढेच आमचे मागणे आहे.