स्किन कलरचा खडू

माझ्या वर्गातली कुठलीही रंगपेटी उघडा. फिकट गुलाबी-नारिंगी खडू झिजून नखाएवढा उरलेला असतो आणि तपकिरी जवळजवळ कोरा असतो, झाडाच्या खोडापुरता वापरलेला. त्या फिकट खडूला मुलं ‘स्किन कलर’ म्हणतात. शाळा मराठी माध्यमाची, मुलं घरीदारी मराठीच बोलणारी, पण या खडूचं नाव पहिलीपासून हेच.

गेल्या महिन्यात सातवीला ‘माझी आजी’ हा विषय दिला होता. एक मुलगी टेबलाशी आली. “बाई, माझा स्किन कलर संपला. देता?” पुढे केलेला हात चिंचोक्यासारखा गडद आणि तुकतुकीत.

“आजी कुणासारखी दिसते गं?”

“माझ्यासारखीच, बाई.”

“मग हा खडू तिच्या अंगाचा कसा?”

तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि तो हळूच पाठीमागे नेला. सगळ्या वर्गादेखत मी तसं विचारायला नको होतं. तो मागे गेलेला हात काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीच्या पेटीतही असाच एक खडू होता, ‘फ्लेश’ नावाचा. 1962 साली त्याचं नाव बदलून ‘पीच’ केलं, आणि 2020 मध्ये त्याच कंपनीने त्वचेच्या 24 छटांची वेगळी पेटी काढली. आमच्या गल्लीतल्या स्टेशनरीच्या दुकानात आजही ‘स्किन कलर द्या’ म्हटलं की तोच फिकट खडू हातात येतो. देणाऱ्यालाही काही वाटत नाही, घेणाऱ्यालाही नाही.

आपल्या भाषेत कांतीसाठी किती शब्द आहेत! सावळा, गव्हाळ, निमगोरा, काळासावळा. पंढरीच्या विठोबाला सावळा म्हणताना आपला गळा दाटून येतो. पण घरात मुलगी दाखवायची वेळ आली की आत्या-मावशा आवाज खाली आणून म्हणतात, “नाकीडोळी नीटस आहे, रंगाने जरा डावी.” या ‘डावी’ शब्दाची मला चीड आहे. त्यात नुसता रंग नसतो, बहुतेक वेळा त्याच्या आड जातही दडलेली असते. ‘आपल्यातली वाटत नाही’ हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीतसुद्धा ऐकलं आहे. 1975 पासून विकली जाणारी ‘फेअर अँड लव्हली’ 2020 मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झाली, पण ओळखपत्राचा फोटो काढताना “जरा उजळ करा हो” असं सांगणारी आई यंदाही मला भेटली. आता तर सांगावंही लागत नाही. सहलीचे फोटो मी मोबाइलवर काढले, तेव्हा निम्म्या मुलींचे चेहरे फोनने आपणहून पांढरे करून टाकले होते.

यंत्राला रंग कळत नाही, असं मी फार वर्षं समजत होते. मग वाचनात आलं की रंगीत फोटो धुणाऱ्या प्रयोगशाळांना फिल्म कंपनीकडून एक कार्ड यायचं. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असे. तिची कांती नीट उमटली की यंत्र बरोबर लागलं असं धरायचं. पहिल्या बाईच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. बाकीच्या माणसांनी तिच्या मापात बसायचं. 2018 मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोघींनी चेहरा पाहून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या संगणक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर 0.8 टक्के होती. काळ्यासावळ्या बायकांच्या बाबतीत एका प्रणालीची चूक 34.7 टक्क्यांवर गेली.

हे वाचून राग आला. भीती वाटली ती ऑक्सिमीटरचं वाचलं तेव्हा. करोनात आईच्या बोटाला मी दर दोन तासांनी तो चिमटा लावत होते. 95 दिसलं की पाठ टेकायची. त्यातला लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून आरपार जातो आणि त्यावरून रक्तातल्या प्राणवायूचा अंदाज काढला जातो. त्वचेतलं मेलॅनिन त्या प्रकाशाच्या वाटेत येतं. डिसेंबर 2020 मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांचा अभ्यास आला. यंत्र 92 ते 96 दाखवत असताना खरा आकडा 88 च्याही खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के होतं, काळ्या रुग्णांत 11.7. आई बरी झाली. पण तिचा काळासावळा हात मांडीवर घेऊन मी ज्या आकड्यावर विसंबले होते, तो कुणाच्या बोटावर पारखून घेतलेला होता, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून मला वाटतं, हे सगळं शाळेत शिकवलं पाहिजे, आणि तेही चित्रकलेच्या तासाला. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना ते अर्पण केलं. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका माणसाला तिकडचं आणि इकडचं दुःख एकच दिसलं होतं. त्याच पुण्यात आफ्रिकेतून शिकायला आलेल्या मुलांकडे लोक कसे टक लावून पाहतात, ते बसमध्ये मी पाहिलं आहे. फुले शाळेत शिकवायचे तर त्या बसमधल्या नजरेविषयीही मुलांशी बोलायला हवं.

पुढच्या तासाला मी खडू बाजूला ठेवायला सांगितले आणि पोस्टर कलर काढले. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, क्रिमसन, पांढरा आणि थोडासा अल्ट्रामरीन निळा. काळ्याची बाटली कपाटात ठेवली. गडद कांतीत काळा मिसळला की ती राखेसारखी निस्तेज होते, किंचित निळ्याने मात्र जिवंत राहते. प्रत्येकाने रंग कालवायचा आणि स्वतःच्या मनगटावर ठिपका द्यायचा. ठिपका दिसेनासा झाला की रंग जमला. गोऱ्या मुलांनाही ‘स्किन कलर’ कामाला आला नाही. त्यांनाही ऑकर घ्यावाच लागला.

ती मुलगी सर्वांत शेवटपर्यंत बसली होती. सात ठिपके झाले तरी मनासारखं होईना. कधी लाल जास्त, कधी निळा. आठवा ठिपका दिल्यावर ती खिडकीपाशी गेली, मनगट उन्हात धरलं आणि तिथूनच ओरडली, “बाई, कुठे आहे सांगा!” मला खरंच सापडला नाही.

आजीचा चेहरा तिने त्याच रंगाने भरला. गालाच्या उंचवट्यावर थोडा ऑकर, हनुवटीखाली थोडा निळा, आणि हिरवं गोंदण. तिचं पाहून बाकीच्यांनीही आपापल्या आज्या पुन्हा रंगवायला काढल्या. बर्न्ट सिएना त्याच दिवशी संपला. सहा बाटल्यांची मागणी मुख्याध्यापकांकडे दिली आहे.