जुनी गाडी रंगवण्याआधी...

जर्मनीत गाडीला तीस वर्षं पूर्ण झाली की तिची 'ओल्डटायमर' म्हणून नोंदणी करता येते. गाडी बऱ्याच अंशी मूळ रूपात आणि सुस्थितीत आहे, असा तज्ज्ञाचा दाखला लागतो. मग नंबर प्लेटच्या शेवटी 'एच' म्हणजे 'हिस्टोरिश' हे अक्षर येतं आणि इंजिन कितीही मोठं असलं तरी वर्षाला साधारण १९१ युरो एवढाच कर. ही सोय १९९७ पासून आहे. म्हणून इथला गाडीवेडा माणूस रंगाऱ्याकडे जाण्याआधी दहादा विचार करतो.

आपल्याकडे मात्र जुनी फियाट निस्तेज दिसली की सल्ला ठरलेला : "डेंटिंग-पेंटिंग करून टाका, नवीकोरी दिसेल!" मला हा सल्ला पटत नाही. उन्हानं बहुतेक वेळा रंगाचा फक्त वरचा थर मरतो, खाली मूळ रंग शाबूत असतो. तो घरीच उजळता येतो.

माझ्या १९८४ च्या गाडीवर मी हेच करतो. इथे बऱ्याच गावांत घरासमोर गाडी धुवायला बंदी आहे, म्हणून ती वॉशिंग सेंटरवर धुऊन आणायची. रविवारी आवाज करायचा नाही, म्हणून मशीनचं काम शनिवारी. ओल्या पत्र्यावरून क्लेची वडी हलक्या हातानं फिरवली की रुतलेली घाण निघते. कडांवर रंग सर्वांत पातळ असतो, तिथे टेप लावायची. मग सावलीत, वीतभर जागेवर, सर्वांत सौम्य पॉलिशनं सुरुवात. तेवढ्यानं भागलं तर रबिंग कंपाउंडला हातही लावू नये. शेवटी वॅक्स.

घाई नको, कारण सगळे थर मिळून रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच असतो आणि प्रत्येक पॉलिश त्यातलं थोडं खातं. क्लिअर कोट नसलेल्या जुन्या गाडीचा रंग फडक्याला लागणारच. पण क्लिअर कोट असलेल्या गाडीचा रंग फडक्यावर आला तर तिथेच थांबायचं. सोललेला क्लिअर कोट किंवा गंजाचे फुगे पॉलिशनं बरे होत नाहीत. तेवढ्या भागापुरता रंगारी हवाच.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. आपल्याकडे २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची 'व्हिंटेज' नोंदणी होते, तीही मूळ रूप मोठ्या प्रमाणात बदललेलं नसेल तरच. म्हणजे १९७५ नंतरच्या कितीतरी गाड्या आत्ता त्या उंबरठ्यावर आहेत, आणि त्यातल्या काही आपल्याच आई-बाबांच्या अंगणात कव्हरखाली उभ्या आहेत.

यंदा सुट्टीत गावी जाल तेव्हा ते कव्हर काढा. रंगाऱ्याला फोन करण्याआधी एक शनिवार, एक डबी पॉलिश आणि बॉनेटचा एक कोपरा. बाबांनाही बोलवा सोबतीला. त्या रंगाचं नाव त्यांना अजून आठवत असेल.