नगरसेवक हवा कशाला?

"प्रशासक होते तेच बरं होतं. फ्लेक्स नाहीत, वाढदिवस नाहीत, कटकट नाही."

जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर हे वाक्य मी निदान दहा जणांच्या तोंडून ऐकलं. त्यात आमचे काका आले, सोसायटीचे चेअरमन आले आणि न्यू जर्सीहून दर रविवारी फोन करणारा मावसभाऊही आला. (दादा, तू हे वाचणार हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगते, तुझ्याशी भांडायलाच लिहायला बसले आहे. हलकेच घे.)

परदेशातल्या मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. राज्यातल्या २९ महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ ला एकदम मतदान झालं. त्याआधी पुण्यामुंबईसारख्या ठिकाणी २०२२ च्या मार्चपासून, आणि नवी मुंबई, कोल्हापूर, कल्याण-डोंबिवली अशा शहरांत तर २०२० पासूनच, लोकांनी निवडून दिलेलं कुणी पालिकेत नव्हतं. सगळा कारभार प्रशासकांच्या हाती. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे आणि तिच्यात स्वच्छ म्हटलंय की पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक व्हायला हवी. आरक्षण, प्रभागरचना, कोर्टकचेऱ्या यांत ते राहून गेलं. दादाचं म्हणणं असं की त्या काळातही रस्ते झाडले गेले, नळाला पाणी आलं, दिवे लागले. मग अडलं कुठे?

मी आमच्या बाजाराच्या गल्लीपुरतं उत्तर देते. शहराचं आणि माणसांचं नाव मुद्दाम घेत नाही. गाव लहान आहे, आणि मला रोज तिथूनच भाजी आणायची असते.

गल्ली म्हणजे चौकापासून शाळेपर्यंतचा रस्ता. दोन्ही बाजूंनी दुकानं: किराणा, साड्या, भांडी, दोन केमिस्ट, एक पिठाची गिरणी. त्यांच्या पुढ्यात भाजीवाल्या, फळांच्या हातगाड्या, बांगडीवाली, कुलपं दुरुस्त करणारा. तोंडाशी रिक्षा. शाळा सुटायच्या वेळेला यात चारशे पोरं आणि त्यांना न्यायला आलेल्या स्कूटर. दुकानदार म्हणायचे भाजीवाल्या आमचं गिऱ्हाईक अडवतात. भाजीवाल्या म्हणायच्या आम्ही तुमच्या आधीपासून इथे बसतो. (दोघंही खरं बोलत होते, हीच तर पंचाईत.) आम्ही बायका म्हणायचो, आम्हाला चालायला जागा द्या, मग काय ते भांडा.

यावर पालिकेचा जुना उपाय म्हणजे मंडई. जवळच एक दुमजली इमारत बांधलेली आहे, गाळे पाडलेले, नळ, ओटे, सगळं. वरच्या मजल्यावर आता कबुतरं राहतात. कारण साधं आहे. भाजी माणूस वाटेत घेतो. कामावरून येताना, पोराला शाळेतून आणताना. पाव किलो गवारीसाठी दोन जिने चढून कुणी जात नाही. भाजीवाल्यांना हे पहिल्याच आठवड्यात कळलं आणि त्या परत रस्त्यावर आल्या. मग अतिक्रमणाची गाडी यायची, वजनकाटा आणि ताडपत्री उचलून न्यायची, दंड भरला की परत. संध्याकाळी गल्ली होती तशी.

मंडईवरून एक आठवलं. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. नव्या मंडईच्या इमारतीवर मोठी रक्कम घालायला त्यांचा विरोध होता. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे जावा असं त्यांचं म्हणणं. मंडई झालीच, १८८६ साली रे मार्केट नावाने उघडली आणि पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुल्यांचंच नाव मिळालं. आपल्याकडे विरोधकाचा सत्कार असाही होतो. पण बांधकामाला 'नाही' म्हणणं हेही सभासदाचं काम आहे, हे दीडशे वर्षांपूर्वी एकाला सुचलं होतं, आणि आज ते सुचलेला नगरसेवक दुर्बीण लावून शोधावा लागतो.

असो. तर २०१७ साली आमच्या प्रभागातून ज्या चौघी-चौघे निवडून आले त्यांतल्या एक बाई, त्यांना सगळे ताई म्हणतात, त्यांनी ही गल्ली मनावर घेतली. आधीच सांगते, ताई काही संत नव्हेत. पहिल्या वर्षी त्यांच्या फ्लेक्सवर त्यांच्यापेक्षा यजमानांचा फोटो मोठा होता. 'यांच्या विशेष प्रयत्नातून' असं रंगवलेली बाकडीही त्यांनी टाकली, त्यातली दोन फुटपाथच्या मधोमध. त्यांना अडखळून मी एकदा पडता पडता वाचले आहे.

पण दुसऱ्या वर्षापासून बाई स्वतः गल्लीत दिसायला लागल्या. पहाटे माल उतरतो तेव्हा एकदा, शाळा सुटते तेव्हा एकदा, रात्री दुकानांची शटर पडतात तेव्हा एकदा. मग विठ्ठलाच्या देवळाच्या मंडपात बैठका. दुकानदारांची वेगळी, भाजीवाल्यांची वेगळी, रिक्षावाल्यांची वेगळी, आणि शेवटी सगळ्यांची एकत्र. त्या एकत्र बैठकीत आवाज इतके चढले की पुजाऱ्याने येऊन आरतीची वेळ झाल्याचं खोटंच सांगितलं. तीन-चार महिन्यांनी जे ठरलं ते असं: सकाळी साडेदहापर्यंत बंद दुकानांसमोर भाजीवाल्या बसतील, किराणावाला लवकर उघडतो म्हणून त्याच्यासमोर कुणी नाही. दुपारी कुणीच नाही. शाळा सुटून फाटक बंद झालं की संध्याकाळी शाळेच्या भिंतीलगत. रिक्षा वीस पावलं पुढे. आणि दोन्ही बाजूंना रस्त्यावर एक पांढरा पट्टा, ज्याच्या पुढे ना टोपली येणार, ना दुकानाबाहेर टांगलेल्या साड्या.

खर्च? रंगाचा. कोनशिला बसवायलाही जागा नव्हती, पट्ट्यावर कुठे बसवणार?

पट्टा कुणीही मारू शकतं, साहेबसुद्धा. पण तो पाळला गेला, कारण त्या गल्लीतल्या प्रत्येकाला आधी कुणीतरी विचारलं होतं. आणि ताईंनी विचारलं कारण पाच वर्षांनी त्यांना साडीवाल्याच्याही दारात मत मागायला जायचं होतं आणि कोथिंबीरवालीच्याही. एकाला खूश करून दुसऱ्याला हाकलणं त्यांना परवडणारंच नव्हतं. अधिकारी वाईट असतात असं मी म्हणत नाही. आमचे एक इंजिनियर तर फार सज्जन होते. पण त्यांच्या हातात नोटीस आणि गाडी ही दोनच हत्यारं, आणि तीन वर्षांत बदली. देवळाच्या मंडपात बसून शिव्या खाणं त्यांच्या नोकरीत बसत नाही.

कायदाही खरं तर याच बाजूचा आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात शहर पातळीवर जी समिती सांगितली आहे तिच्यात निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधूनच निवडून आलेले हवेत. सर्वेक्षण पुरं होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कुणाला हटवायचं नाही, आणि जिथे घेणारे-विकणारे आपोआप जमतात असे नैसर्गिक बाजार ध्यानात घ्यायचे, हेही त्यात आहे. म्हणजे विचारून करा, हेच. फक्त विचारायला जाणार कोण, ते कागदाला सांगता येत नाही.

आता मुताऱ्यांबद्दल लिहिते. घरातल्या वडीलधाऱ्यांना हा विषय आवडणार नाही, पण इलाज नाही. गल्लीत पुरुषांसाठी सोय होती. बायकांसाठी काहीच नव्हतं. भाजीवाल्या पहाटे चारला घरातून निघतात आणि दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत. मुद्दाम पीत नाहीत. त्यातल्या एकीने मला हे कांदे निवडताना सहज सांगितलं, जसं काही उन्हाचं सांगावं. मुंबईत २०११ पासून बायकांनी याच मागणीसाठी मोठी मोहीम चालवली, पण आमच्याकडे बैठकीत हा शब्द उच्चारायलाही कुणी तयार नव्हतं. शेवटी ताई उच्चारल्या. स्वच्छतागृह हवं यावर सगळ्यांचं एकमत झालं, आणि ते आपल्या दुकानासमोर नको यावरही. जागा शोधण्यात दोन वर्षं गेली. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला लागून तीन खोल्या झाल्या. ताईंनी बांधकामापेक्षा जास्त डोकं लावलं ते पुढच्या गोष्टीत: पाण्याची जोडणी टाकीवरूनच, आतून कडी लागणारी दारं, दिवा, आणि दिवसभर बसणारी एक बाई, जिचा पगार वेळेवर निघतो ना हे ताई दर महिन्याला स्वतः विचारायच्या.

२०२२ मध्ये मुदत संपली. काही महिन्यांनी त्या बाईंचं कंत्राट संपलं आणि नूतनीकरणाची फाईल कुठेतरी बसली. सफाई थांबली, मग वास, मग कुलूप. मी ॲपवर तक्रार केली. चौथ्या दिवशी 'तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा संदेश आला. कुलूप तसंच. पुन्हा तक्रार, पुन्हा निकाली. कार्यालयात गेले तर म्हणाले हा विषय दुसऱ्या विभागाचा. दुसऱ्या विभागात गेले तर साहेब मीटिंगला. ताईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "अहो, आता मला कोण विचारतंय तिथे?" आणि भाजीवाल्यांनी परत पाणी पिणं सोडलं.

दादा, अडलं ते इथे. दिवे लागले, पाणी आलं, पगार झाले, सगळं कबूल. या कुलपाचा जाब मात्र आम्हाला कुणालाच विचारता येत नव्हता. आणि ज्यांनी पाणी पिणं सोडलं त्या काही ॲप वापरत नाहीत.

यावर तू म्हणशील की चारातले तीन नगरसेवक काय करत होते? बरोबर आहे. तिघांनी मिळून एक कमान, दोन हायमास्ट आणि बरेच वाढदिवस केले. चार सदस्यांच्या प्रभागात गल्ली कुणाची, हेच कळत नाही. काम झालं तर चौघांचं, नाही झालं तर उरलेल्या तिघांचं. आणि आरक्षणाच्या सोडतीत फेरबदल झाला की गल्ली शिकलेलं माणूस बाहेर. यंदा ताईंची जागा दुसऱ्या प्रवर्गाकडे गेली, पक्षाने त्यांना दुसरीकडे उभं केलं नाही. आरक्षणामुळेच त्या मुळात आल्या होत्या, त्यामुळे मी आरक्षणाला नावं ठेवणार नाही. पण त्या मंडपात कोण कशावरून चिडलं होतं, हे माहीत असलेलं माणूस आता पालिकेत नाही.

नवे चौघे आलेत. त्यातले एक गृहस्थ गल्लीच्या तोंडाशी नवी कमान बांधणार आहेत, आराखडा तयार आहे म्हणे. गेल्या आठवड्यात मी आणि पाच भाजीवाल्या त्यांना भेटायला गेलो. चहा दिला, नीट ऐकून घेतलं. कमानीचं जरा थांबवा आणि आधी कुलूप काढा, एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "बघतो." मग सफाईचं कंत्राट कधी संपलं ते त्यांनी स्वतःच्या वहीत लिहून घेतलं, आणि किल्ली कुणाकडे आहे ते विचारलं. ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी तिथूनच कार्यालयात फोन लावला. त्यांनाही माहीत नव्हतं.