मडक्यांनाही वंशावळ असते!

काही बिनसले की आपण त्याचे खापर दुसऱ्याच्या माथी फोडून मोकळे होतो. पुरातत्त्वज्ञ मात्र खापराचा तुकडा धुऊन-पुसून जपतात, त्याची जाडी मोजतात. कारण त्यात त्यांना चक्क उत्क्रांती दिसते!

तुम्ही म्हणाल, मडक्यांना काय पोरेबाळे होतात? होत नाहीत. पण मडके घडवण्याची रीत आईकडून लेकीकडे, गुरूकडून शिष्याकडे जाते. शिकताना थोडा फरक पडतोच. जो फरक उपयोगी ठरतो तो टिकतो, बाकीचे मागे पडतात. डार्विनने १८५९ साली सजीवांबद्दल मांडलेला विचार मडक्यांना लागू होतो तो असा.

अमेरिकेतील इलिनॉय-मिसुरी भागातली प्राचीन खापरे डेव्हिड ब्रॉन या पुरातत्त्वज्ञाने तपासली. मडके हे आधी एक अवजार आहे, असे त्यांनी १९८३ साली मांडले. इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकात तिथल्या मडक्यांच्या भिंती पातळ होत गेल्या. त्याच काळात लोक पिष्टमय बिया अधिक खाऊ लागले होते. त्यातले एक रोप तर आपल्या चाकवताच्या जातकुळीतले! मांस नुसते भाजता येते, बिया मात्र बराच वेळ शिजवाव्या लागतात. जाड मडके बाहेरून तापून फुगू पाहते, आतून थंड राहते आणि तडकते. पातळ मडक्यात आच लवकर आत पोचते, तडे कमी जातात. अर्थात धक्का लागला तर ते फुटतेही लवकर. प्रत्येक सोयीची काही किंमत असतेच.

नक्षीची गोष्ट वेगळी. काठावरच्या रेघा तिरप्या असोत वा उभ्या, पेज तेवढीच शिजते. हा भेद रॉबर्ट डनेल यांनी १९७८ साली स्पष्ट केला. नक्षी फॅशनसारखी येते आणि जाते. म्हणूनच तिच्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो.

या विचारावर आक्षेपही आहेत. मडके घडवणाऱ्या हातांमागे डोके होते. त्या बाईने विचारपूर्वक केलेल्या बदलाला ‘निवड’ म्हणून तिचे श्रेय का हिरावून घ्यायचे? प्रश्न रास्त आहे. पण बदल तिने सुचवला तरी परीक्षा चुलीनेच घेतली. मडके तडकले की पेज सांडणार आणि पोरे उपाशी राहणार. मऊ पेजेमुळे तान्ह्यांना वरचे अन्न लवकर देता येऊ लागले असावे, असेही काही संशोधकांना वाटते.

त्या बाईचे नाव कुठल्याच इतिहासात नाही. पण तिने चुलीपाशी घेतलेला धडा खापराच्या जाडीत आजही मोजता येतो.