कार्ड आपले, किल्ली कंपनीकडे

ग्राफिक्स कार्डाचे पैसे मोजले की ते आपले झाले, असे ग्राहकाला वाटते. लिनक्सवर तसे ठरतेच असे नाही. एनव्हिडियाने तांत्रिक माहिती दिली नाही, तेव्हा स्वयंसेवकांनी कोणत्या आज्ञेला कार्ड काय करते हे बाहेरून तपासत ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर लिहिला. २०१०मध्ये तो लिनक्सच्या कर्नलमध्ये आला. काम आंधळ्या कोशिंबिरीसारखेच, पण जमले. मात्र २०१४च्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून फर्मवेअरवर कंपनीची डिजिटल सही सक्तीची झाली. ती नसेल तर नूवोला चिपचा वेग वाढवता येत नाही. धडधाकट कार्ड संगणक सुरू होतानाच्या मंद गतीवरच रखडते.

२०२२मध्ये कंपनीने स्वतःच्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. त्याचे स्वागतच, पण तो २०१८च्या ट्युरिंग पिढीपासूनच्या कार्डांसाठी. त्याआधीची ९०० आणि १००० मालिका वाऱ्यावर राहिली. त्यांच्यासाठी नवे ड्रायव्हर थांबवत असल्याचेही २०२५मध्ये जाहीर झाले. जुन्या मालाचा सांभाळ परवडत नाही, हे समजू शकते. मग निदान वेग बदलू देणारे, सही केलेले फर्मवेअर तरी द्यावे. उरलेले काम करायला माणसे आहेत, आणि ती कंपनीकडे पगारही मागत नाहीत.